घरातली रेल्वे अडखळतेय? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात मॉडेल रेल्वेचा नाद असलेली मंडळी थोडी आहेत, पण आहेत ती मनापासून. त्यात नव्यानं आलेल्याची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "काका, इंजिन बिघडलंय. चालता चालता थांबतंय." मी विचारतो, एकाच जागी थांबतं की कुठंही? एकच इंजिन थांबतं की सगळी? उत्तर येत नाही, कारण हे कुणी बघितलेलंच नसतं. तोवर इंजिनाचे स्क्रू मात्र निघालेले असतात.

हजारो रुपये मोजून परदेशातून मागवलेलं इंजिन पहिल्याच महिन्यात खोलणं ही या छंदातली सगळ्यात महागडी चूक आहे. बिघाड शोधायचा तो खालून वर: आधी फळी, मग रूळ, मग वायर, मग डबे आणि सगळ्यात शेवटी इंजिन. बहुतेक वेळा इंजिनापर्यंत जायची पाळीच येत नाही.

फळी आणि पावसाळा

आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत घरातली हवा ओली असते. मार्चमध्ये सुरळीत धावणारी गाडी जुलैत एका ठरावीक सांध्यावर घसरायला लागते, ती याच ओलीमुळं. फळी ओल धरते, फुगते, मधोमध बाक घेते आणि वरचे रूळ तिच्याबरोबर हलतात.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतात म्हणून घेऊ नका. कडेनं पाणी प्यायले की ते पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. 12 मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय घ्या, खाली साधारण 40 सेंटिमीटरवर आडव्या पट्ट्या मारून चौकट करा आणि रंग दोन्ही बाजूंना द्या. फक्त वरून हिरवा रंग मारलेली फळी हमखास वाकते, कारण खालची बाजू ओल घेत राहते. कापलेल्या कडांना दोन हात जास्त द्या. चौकट टेबलावर ठेवली की पाणसळ लावून बघा, उभी आणि आडवी दोन्ही.

रूळ कधी टाकता यालाही महत्त्व आहे. तीन मीटर लांबीचे रूळ तापमान 20 अंशांनी वाढलं तर जेमतेम एक मिलिमीटर लांब होतात. लाकूड मात्र उन्हापेक्षा ओलीनं जास्त हलतं. ऑगस्टमध्ये फुगलेल्या फळीवर रूळ एकमेकांना घट्ट भिडवून टाकले, तर एप्रिलमध्ये फळी आकसते, रूळ तापतात, आणि जागा न उरल्यामुळं रूळ कडेला फुगवटा धरतात. म्हणून शक्यतो पावसाळ्यात रूळ टाकूच नका. टाकावेच लागले तर काही सांध्यांत पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा आणि ते सांधे सोल्डर करू नका.

वळण किती घट्ट?

ही चूक दुकानातून आणलेल्या पहिल्या सेटपासूनच सुरू होते. एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 च्या सुरुवातीच्या सेटमधली वळणं बहुधा 36 सेंटिमीटर त्रिज्येची असतात. चार चाकांच्या छोट्या वाघिणींना ती चालतात. पण आपल्याला हवी असते आपली गाडी, महालक्ष्मी नाहीतर कोयना, पूर्ण लांबीच्या डब्यांची. आयसीएफचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा, खरा डबा सुमारे 21.3 मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा, 23.5 मीटरचा डबा 27 सेंटिमीटर भरतो. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान अडीच पट, आणि जमलं तर तिप्पट असावी. एलएचबीसाठी हा हिशेब थेट 80 सेंटिमीटरच्या घरात जातो. खोलीत तेवढी जागा नसेल तर डबे कमी लांबीचे घ्या किंवा 1:160 च्या एन मापाकडं वळा. 36 सेंटिमीटरच्या वळणावर लांब डबे ओढून कपलरला, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीला, दोष देत बसू नका.

डावं वळण संपल्या संपल्या उजवं वळण सुरू केलं तर दोन डब्यांची टोकं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात आणि कपलर डब्याला रुळांबाहेर खेचतो. मधे निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा हवा. स्टेशनाबाहेर दोन पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे, पाठोपाठ लावताना हीच चूक नकळत होते, आणि घसरणाऱ्या गाड्यांपैकी पुष्कळ तिथंच घसरतात.

चढाचंही तसंच. एका मीटरला दोन सेंटिमीटर एवढाच चढ धरा. बोरघाटात खऱ्या रेल्वेचा चढ 37 ला 1 आहे, आणि तिथं गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. घरातल्या एकट्या इंजिनाकडून त्याहून कडक चढाची अपेक्षा धरू नये. खालच्या रुळांवरून पूल न्यायचा तर साधारण आठ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे चार मीटर लांबीचा चढ. खोलीत तेवढी लांबी नसेल तर पुलाचा विचार सोडलेला बरा.

मापांची सरमिसळ हा यातलाच एक धोका. एचओ आणि ब्रिटिश ओओ, दोन्ही 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, पण ओओचे डबे 1:76 चे असतात, त्यामुळं शेजारी उभे केले की ते थोराड दिसतात. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. त्याचं 1:87 चं माप 19 मिलिमीटरच्या वर जातं, तरी भारतीय मॉडेल 16.5 वरच चालवतात. ही तडजोड आहे आणि ती स्वीकारायला हरकत नाही. मात्र कुणाला 1891 साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग त्याच्या मूळ रूपात करायचा असेल, तर तो मीटरगेज होता. त्यासाठी एचओएमचे, म्हणजे एचओ मापातल्या मीटरगेजचे, 12 मिलिमीटरचे रूळ घ्या. 16.5 च्या रुळांवर तो काळ उभा राहत नाही.

गाडी लांबच्या टोकाला मंदावते

कंट्रोलरजवळ, म्हणजे रुळांना वीज देऊन वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राजवळ, गाडी जोरात, पलीकडच्या भिंतीला गेली की मेटाकुटीला आलेली. यात इंजिनाचा काहीच दोष नसतो. दोन वायर एकाच जागी जोडून पुढची सगळी वीज रेल जॉइनरवर सोडलेली असते. जॉइनर ही दोन रूळ जोडणारी पत्र्याची पातळ पट्टी. आपल्या हवेत ती वर्षभरात काळवंडते, सैल होते, आणि प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा व्होल्टेज गळतो.

उपाय एकदाच करायचा आहे. फळीखालून घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर फिरवा, लाल आणि काळी, आणि दर मीटर-दीड मीटरला तिच्यातून बारीक वायर वर काढून रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करा. रंग कधीही बदलू नका. सोल्डरिंगची सवय नसेल तर ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडं बसून अर्ध्या दिवसात शिकता येतं. सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं आणि हात चटकन उचलायला हवा, नाहीतर रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, वितळतात.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी चालू ठेवून कंट्रोलरजवळ आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज मोजा. फरक एक व्होल्टच्या आसपास किंवा जास्त असेल तर वायरिंग अपुरं आहे.

सफाई: इथं सगळ्यात जास्त नुकसान होतं

रूळ काळे दिसले की हात पॉलिश पेपरकडं जातो. तो आवरा. पॉलिश पेपरनं रुळावर बारीक ओरखडे पडतात, पुढची घाण त्याच ओरखड्यांत अडकते आणि रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे होतात. भांड्यांची तारेची घासणी तर रुळांजवळही आणू नका. तिचे बारीक तुकडे मोटारच्या चुंबकाला चिकटतात आणि आतल्या आत शॉर्ट होतो.

केमिस्टकडं किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं शुद्ध मिळेल तितकं, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको. रूळ स्वच्छ केले पण चाकं तशीच ठेवली तर दोन फेऱ्यांत घाण परत रुळांवर येते, म्हणून चाकं आधी पुसा. प्लास्टिकची चाकं घाण पसरवतात, ती हळूहळू धातूची करून घ्या. रूळ नवे घेत असाल तर पितळेचे नकोत, निकेल सिल्व्हरचे घ्या. आपल्या घरातल्या पूजेच्या भांड्यांमुळं आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तोच हा मिश्रधातू, त्यात चांदी नसते. तो काळवंडला तरी पितळेइतका छळत नाही.

गणपतीतली आरास हा वेगळाच विषय आहे. मखराभोवती फिरणारी गाडी बघायला गल्लीतली पोरं गोळा होतात, आणि ती चालवायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. पण कापराची काजळी, उदबत्तीचा धूर, समईच्या तेलाचा अंश आणि गुलाल, हे सगळं रुळांवर बसतं. निरांजन आणि कापूर रुळांपासून लांब ठेवा, आरतीच्या वेळी गाडी थांबवून वर कापड टाका आणि रोज रात्री रूळ पुसा. इंजिन तासन्‌ तास एकसारखं फिरवू नका. अर्ध्या तासानं हात लावून बघा, कोमटाच्या पुढं गेलं असेल तर त्याला विश्रांती द्या आणि दुसरं लावा. विसर्जनाच्या दिवशी गुलाल उधळण्याआधी सगळं डब्यात भरून ठेवा. गुलालाची पूड गिअरमध्ये गेली की ती काढायला पूर्ण इंजिन उघडावं लागतं.

डबा घसरतो

सगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा सगळीकडं घसरत असेल तर दोष डब्याचा. एवढं ठरवलं की निम्मं काम झालं. रुळाच्या जागी बोट फिरवा, सांध्यावर नखाला धार लागते का बघा, लागली तर बारीक कानशीनं आतली कड मोडा. डब्याच्या बाबतीत दोन चाकांमधलं अंतर गेजनं, म्हणजे मापपट्टीनं, तपासा, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) मोकळी फिरते का बघा, आणि मग वजन करा.

वजनाकडं आपल्याकडं फार दुर्लक्ष होतं. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याला 28 ग्रॅम आणि वर लांबीच्या प्रत्येक इंचाला 14 ग्रॅम वजन हवं. साडेचोवीस सेंटिमीटरच्या डब्याला ते सुमारे 165 ग्रॅम होतं. टायरवाल्याकडं चाकांच्या बॅलन्सिंगचे चिकटवायचे तुकडे मिळतात, ते डब्याच्या तळाशी, चाकांच्या वर, दोन्ही टोकांना सारखे लावा.

लूप आणि लाईट

आपलं स्टेशन टर्मिनस आहे. गाडी आली की इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला जातं. घरात हे टाळायला लोक टोकाला रुळांचा गोल फिरवून त्याच मार्गावर परत आणतात, आणि कंट्रोलर लगेच ट्रिप होतो. अशा लूपमध्ये डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो. तो शॉर्टच आहे. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांवर प्लास्टिकचे जॉइनर घाला आणि मधल्या तुकड्याला डीपीडीटी स्विच (विजेची दिशा उलटवणारा) किंवा, डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल असेल तर, हेच काम आपोआप करणारा ऑटो रिव्हर्सर लावा. तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा.

लाईट गेली तर कंट्रोलर आधी शून्यावर आणा. लाईट परत येताना नॉब वर असेल तर गाडी झटका घेऊन सुटते, आणि वळणावर उभी असेल तर खाली पडते.

आता इंजिन

वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही फक्त हेच इंजिन, सगळीकडं, अडखळतंय, तर मगच ते उघडा. चाकांना टेकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या वाकल्यात का, त्यांवर केस-धागे गुंडाळलेत का, हे आधी बघा. मग मोटारला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत का ते बघा. खोबरेल तेल नको. कोल्हापूरच्या थंडीत ते गोठतं आणि पुढं चिकट होतं. प्लास्टिकला चालणारं हलकं मशीन ऑइल सुईच्या टोकावर घेऊन बेअरिंगला एक थेंब द्या. मोटारच्या कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश घासतात त्या फिरत्या भागावर, तेल गेलं तर ते अल्कोहोलनं पुसून, पूर्ण वाळल्यावरच इंजिन रुळावर ठेवा.