दोन टाक्यांचे किती? शेतावर वेल्डिंगला निघण्याआधीची तयारी

फोन साधारण असाच येतो. “भाऊ, ट्रॉलीच्या दांडीले दोन टाके मारून देजो नं. किती घेशीन?” तिकडे मागे ट्रॅक्टर घरघरत असतो, इकडे आपण गाडी चालवत असतो. अशा वेळी तोंडातून निघालेला आकडा पुढचा अख्खा दिवस खातो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दारव्हा पट्ट्यात गाडीवर जनरेटर टाकून फिरतो. पहिली दोन वर्षं “द्या दोनशे” म्हणत फिरलो. संध्याकाळी खिशात नोटा असायच्या आणि सकाळी पंपावर गेलो की त्या डिझेलच्या निघायच्या. म्हणून हंगामाआधी, अक्षय तृतीयेच्या सुमारास, मी जी तयारी करतो ती इथे लिहून ठेवतो. रोहिण्या लागल्या की मग बसायला वेळ मिळत नाही.

तयारी गाडीपासून सुरू करू नका, वहीपासून करा. माझी वही अशी आहे. जुनी मालवाहू गाडी, साडेसात केव्हीएचा डिझेल जनरेटर, 200 अँपिअरचा इन्व्हर्टर (हेच वेल्डिंगचं मशीन), ग्राइंडर, केबल, पाने-हातोडे, सगळं मिळून 4,80,000 रुपये गेले. हे सहा वर्षांत झिजून जाईल असं धरलं, म्हणजे वर्षाला 80,000. विमा, टायर, गाडी-जनरेटरची सर्व्हिसिंग यांचे 50,000. झाले 1,30,000. आता वर्षात काम किती दिवस? पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी शिरत नाही, लग्नसराई असते, सणवार असतात. माझे 180 दिवस भरतात. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी दिवसाचे 720 रुपये लागले. त्यात माझी मजुरी 800 आणि पोऱ्याचे 450 धरले की 1,970. आणि दिवसभरात खरंखुरं पैसे मिळणारं काम होतं चार तास. बाकीचा वेळ रस्त्यात, वाट पाहण्यात आणि चहा पिण्यात जातो. 1,970 भागिले चार, म्हणजे तासाला जवळपास 490. जनरेटर तासाला दीड लिटर पितो, त्याचे 140. रॉड, कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील यांचे 70. बेरीज 700. रिकामी फेरी, फसलेलं काम, फुकट पुन्हा करून द्यावा लागलेला जोड, यांसाठी वर 100. म्हणून माझा दर तासाला 800.

तुमचे आकडे वेगळे येतील. येऊ द्या. पण ते तुमच्या वहीतून आले पाहिजेत, शेजारच्या गावातला काय घेतो यावरून नको. त्याचं दुकान रस्त्यावर आहे, त्याच्याकडे लोक नांगर घेऊन येतात. आपण नांगराकडे जातो.

यात रॉडचा हिस्सा केवढासा आहे ते पाहा. 3.15 मिलिमीटरचा साधा 6013 चा रॉड चार-पाच रुपयांना पडतो आणि सव्वा-दीड मिनिटात संपतो. गिऱ्हाईक मात्र रॉडच मोजतं. “तीन तं रॉड लागले, त्याचे सहाशे?” हे मी शंभरदा ऐकलं असेल. त्याची चूक नाही, त्याला दिसतं तेवढंच तो मोजणार. म्हणून दर सांगताना आधी फेरी सांगायची: कमीत कमी 600 रुपये, त्यात पाच किलोमीटरपर्यंत येणं आणि पहिला अर्धा तास. पुढे दर किलोमीटरला 20, आणि अर्ध्या तासानंतर घड्याळ. जनरेटर लागला नाही आणि गावातल्या गोठ्याजवळ घरच्या लाइनवर काम झालं, तर मी इन्व्हर्टर मोटारसायकलवर बांधून एकटाच जातो. मग कमीत कमी 300.

लाइन आहे का, हे फोनवरच विचारा आणि उत्तरावर विश्वास ठेवू नका. शेतातल्या पंपाची लाइन थ्री फेज असते, कधी दिवसा, कधी रात्री. बऱ्याच ठिकाणी तिथे न्यूट्रल, म्हणजे 230 व्होल्टसाठी लागणारी चौथी तार, नसतेच. कोणीतरी हौशीने स्टार्टरमधून दोन फेज काढून देतो. त्यात 415 व्होल्ट असतात आणि आपलं मशीन 230 चं, एका क्षणात धूर. तारेवर आकडा टाकून द्यायला निघालेले तर त्याहून जास्त भेटतात. त्यांना हात जोडायचे. शेतात जायचं म्हणजे जनरेटर न्यायचा, हे ठरवूनच टाकलं.

बाकी फोनवर विचारायचं ते असं. काय तुटलं, आणि ते साधं लोखंड आहे की बीड, म्हणजे ओतीव लोखंड? बहुतेकांना सांगता येत नाही, म्हणून फोटो मागवतो, तुटल्या जागेशेजारी काडीपेटी ठेवून. काडीपेटीमुळे भेगेची लांबी कळते आणि पट्टी केवढी कापून न्यायची तेही कळतं. पांदण रस्त्याने गाडी जाते का? रुतली तर ट्रॅक्टरने ओढून काढायची जबाबदारी तुमची, हे मी आधीच बोलून घेतो. अवजार धुतलेलं आहे का? रोटावेटरवर वाळलेली काळी माती सिमेंटसारखी बसते. छिन्नीने ती काढण्यात पाऊण तास जातो, आणि तो पाऊण तासही 800 च्याच दराने जातो हे सांगितलं की लोक आदल्या दिवशीच धुऊन ठेवतात. शेवटचा प्रश्न, आजूबाजूला कुटाराची (भुशाची) गंजी किंवा वाळलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं) आहे का? असेल तर अवजार मोकळ्या जागी ओढून ठेवायला सांगायचं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशर जिथे बंद पडतं तिथे चहूबाजूंनी कुटारच असतं. ठिणगी पाच-सहा मीटर सहज उडते आणि आत शिरून तासाभरानेही धुमसते. गाडीत पाण्याच्या दोन कॅन आणि ओलं पोतं असल्याशिवाय मी निघत नाही.

कामाचा दर कामाच्या जोखमीवर ठरतो, लांबीवर नाही, हे मला एका बेअरिंगने शिकवलं. रोटावेटरच्या रोटरवरची फ्लँज, म्हणजे ब्लेड बसवायची चकती, उकलली होती. मी अर्थची क्लँप (करंट परत नेणारा चिमटा) वर फ्रेमला लावली, कारण तिथे रंग उडालेला होता आणि हात सहज पोचत होता. रॉड खाली फ्लँजवर. करंट बिचारा जायचा कुठून? बेअरिंगच्या गोळ्यांमधून गेला. जोड सुंदर आला, काकांनी चहा पाजला, 600 दिले. आठव्या दिवशी फोन, “बेअरिंग रडून रायलं.” उघडून पाहिलं तर गोळ्यांवर बारीक बारीक खड्डे. बेअरिंग माझ्या पैशाने आणलं, बसवलं, दिवस गेला तो वेगळा. तेव्हापासून क्लँप ज्या तुकड्यावर जोड त्याच तुकड्यावर, शक्य तितकी जवळ, आणि ती जागा ग्राइंडरने चकचकीत करून. अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवायचं. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. 2023 पासून 50 हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात इंजिनचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आलं. ते गेलं तर त्याचा खर्च आपल्याला झेपणार नाही. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. ती घड्याळात धरायची, लाजायचं नाही.

उक्तं काम मी मोजक्याच गोष्टींचं घेतो: वखराची पास, डवऱ्याचे जोड, पंजीचा दाता, फाटकाची बिजागरी. ही हजारदा केलेली आहेत, वेळ माहीत आहे. चार-पाच नग एकत्र असतील, किंवा तीन शेजाऱ्यांनी मिळून एका धुऱ्यावर अवजारं आणून ठेवली, तर फेरीचे पैसे तिघांत वाटून देतो. हा उपाय दर कमी करण्यापेक्षा बरा. बिडाच्या कामाला मात्र उक्तं नाही आणि खात्रीही नाही. निकेलचा रॉड साध्या रॉडच्या कितीतरी पट महाग असतो. तुकडा आधी तापवायचा, इंच-इंच भरायचा, आणि शेवटी चुलीच्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा. रॉडचे पैसे आगाऊ, तडकलं तर तडकलं, हे आधी बोलायचं. जस्ताचा लेप असलेल्या पाइपला वेगळा दर, कारण लेप घासून काढावा लागतो. मी एकदा न घासता सौर पंपाच्या सांगाड्याचं काम केलं आणि जस्ताच्या धुराने ताप भरून रात्री मे महिन्यात गोधडी घेऊन कुडकुडलो.

काही कामांचा दर म्हणजे नकार. डिझेलचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा ड्रम, कितीही धुतलेला असो. आणि ट्रॉलीच्या दांडीला “दोन टाके”. ती दांडी उद्या कापसाखाली घाटात उतरणार, वर माणसं बसलेली. ते करायचं तर भेग व्ही आकारात खोदून, 7018 चे (जास्त मजबूत जोडाचे) कोरडे रॉड वापरून, वर दोन्ही बाजूंनी पट्टी चढवून करायचं. दोन तास आणि माल मिळून 2,000 च्या आसपास होतात. नको असेल तर नको.

मृगाच्या आधीच्या पंधरा दिवसांत सगळ्यांचंच अर्जंट असतं. त्यात मी दर वाढवत नाही, रांग लावतो. रात्री सातनंतर बोलावलं तरच दीडपट. उन्हाळ्यात सकाळी सहा ते अकरा काम, मग थेट चारनंतर. पंचेचाळीस डिग्रीत हेल्मेट घालून जोड चांगला येत नाही.

राहिली उधारी. ती होणारच. सोयाबीन निघाल्यावर, कापूस विकल्यावर, या तारखा इथल्या कॅलेंडरमध्ये पक्क्या आहेत आणि बहुतेक माणसं त्या पाळतात. माझा नियम एवढाच: डिझेल-रॉड-मालाचे पैसे रोख किंवा मोबाइलवर तिथेच, मजुरी हवी तर हंगामावर. काम झालं की जोडाचा फोटो आणि रक्कम त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, म्हणजे दिवाळीत “किती होते बा?” हा प्रश्न येत नाही. वसुलीला सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा) आटोपल्यावर, पहिला कापूस विकला गेला की निघतो. जाताना मशीन गाडीतच असतं, कारण अंगणात काहीतरी तुटलेलं पडलेलं असतंच. पण मागचं मिटेपर्यंत जनरेटरची दोरी ओढत नाही.