चाळिशीच्या आत पाळी थांबली तर तपासणी कशी करावी

वय चाळिशीच्या आत आणि चार महिने पाळी नाही, किंवा तारखा फार लांबल्यात, तर ‘टेन्शनमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. अंडाशयाचं काम वेळेआधी मंदावलेलं असू शकतं, आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी पडलं की हाडं गुपचूप झिजत राहतात.

आधी प्रेग्नन्सी टेस्ट. ती निगेटिव्ह आली की एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं मेंदूकडचं संप्रेरक), एस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक) या रक्ततपासण्या एकदमच करा. पाळी अधूनमधून येत असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवशी रक्त द्यावं, येतच नसेल तर कुठल्याही दिवशी.

खरी चूक याच्या आधी होते. पाळी आणायच्या गोळ्या दिल्या जातात, त्या संपल्यावर अंगावरून जातं, घरचे म्हणतात ‘आली ना पाळी!’ आणि तपासणी वर्षभर मागे पडते. अंडाशय मंदावलं तरी थोडं इस्ट्रोजेन उरलेलं असतं, तेवढ्यावर असा रक्तस्राव होतो. त्यावरून अंडाशय ठीक आहे असं समजू नये. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच दबलेलं येतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा. काही मशीनवर त्याने एफएसएच खोटं कमी आणि एस्ट्राडिओल खोटं जास्त दिसतं.

रिपोर्ट नीट वाचा. एफएसएच 48 असलं तरी पुष्कळदा लाल खूण नसते, कारण शेजारी रजोनिवृत्तीनंतरची रेंजही छापलेली असते. तिशीतल्या बाईला ती लागू नाही. पाळीची तक्रार आणि एफएसएच 25 च्या वर, एवढ्यावर अंडाशय वेळेआधी मंदावल्याचं निदान होतं. 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एक रिपोर्ट पुरतो. शंका असेल तर 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा करा, सोबत एएमएच (अंडाशयातल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी). नुसत्या एएमएचवर निदान करू नये. एफएसएच आणि एस्ट्राडिओल दोन्ही कमी असतील तर दोष बहुधा मेंदूकडून येणाऱ्या संदेशात असतो. वजन, व्यायाम आणि पिट्यूटरी ही मेंदूतली ग्रंथी बघावी लागते.

गर्भपिशवी काढलेल्या बाईला पाळीची खूणच नसते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये ही शस्त्रक्रिया फार तरुणपणी झालेली दिसते. अंगातून वाफा, रात्रीचा घाम, योनीचा कोरडेपणा विचारा आणि एफएसएच करा.

निदान झाल्यावर कारण शोधायला कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक दोषाची जनुक तपासणी, अॅड्रिनल (मूत्रपिंडावरची ग्रंथी) विरुद्धच्या अँटिबॉडी, आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा. केमो, रेडिएशन किंवा चॉकलेट सिस्टचं (अंडाशयातल्या जुन्या रक्ताच्या गाठीचं) ऑपरेशन झालंय का, तेही विचारा. कागदावर ‘मेनोपॉज’ लिहू नका: अंडाशय मध्येच काम करतं आणि काही जणींना आपोआप दिवस जातात, म्हणून मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचं बोलणं याच भेटीत व्हायला हवं.