मेंदूचं जाळं आणि मनाचे आजार: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

मुंबईत मानसशास्त्र किंवा डेटा सायन्स शिकणारी बरीच मुलं हल्ली मोफत मिळणारे एफएमआरआय स्कॅन (मेंदूची एकामागून एक घेतलेली चित्रं; त्यांवरून कोणते भाग एकत्र चालतात, म्हणजे मेंदूचं जाळं, ते कळतं) उतरवून घेतात, त्यांना प्रश्नावलीतले नैराश्याचे किंवा चिंतेचे गुण जोडतात आणि ‘संबंध सापडला’ म्हणून मोकळी होतात. गोम मधल्या पायऱ्यांत असते.

सगळ्यात आधी हालचाल तपासा. डोकं मिलीमीटरच्या अंशाने हललं तरी मेंदूतल्या जवळच्या भागांतला संबंध वाढलेला आणि लांबच्या भागांतला घटलेला दिसतो. हे २०१२ सालीच दाखवून झालंय, तरी चूक चालूच आहे. आता चिंतेने ग्रासलेला माणूस स्कॅनरच्या नळकांड्यात चुळबुळ जास्त करणार. मग तुम्हाला सापडलेलं ‘चिंतेचं जाळं’ कदाचित नुसत्या चुळबुळीचं असेल. म्हणून हललेल्या फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची चित्रं, वगळा. अनेक जण ०.२ मिलीमीटरची मर्यादा लावतात. पण तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येकाची सरासरी हालचाल आणि प्रश्नावलीतले गुण यांचाच सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात-घटतात त्याचा -१ ते १ मधला आकडा) काढा. तो दिसला, तर निष्कर्ष लिहायची घाई नको.

स्वतः स्कॅन घेणार असाल तर झोपेचं बघा. पहाटेची विरार लोकल पकडून आलेल्या माणसाला आडवं केलं की डोळा लागणारच. २०१४ च्या एका अभ्यासात एक तृतीयांश लोकांची जाग पहिल्या तीन मिनिटांतच गेली होती. येताना चहा घेतला का, तेही विचारा. कॅफीनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो आणि एफएमआरआय मोजतं ते रक्तातल्या ऑक्सिजनचंच गणित.

तीस जणांत सहसंबंध ०.५ आला म्हणून पेढे वाटू नका. तीस जणांत ०.३६ च्या खालचा सहसंबंध संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर लक्षणीय (नुसत्या योगायोगापलीकडचा) ठरतच नाही, त्यामुळे चाळणीतून वर येतो तो बहुधा फुगलेलाच आकडा. २०२२ साली सुमारे ५०,००० लोकांचा डेटा तपासला, तेव्हा असे संबंध बहुतेक ०.०१ च्या आसपास निघाले.

मेंदूचे ४०० भाग केले तर ७९,८०० जोड्या होतात. त्यांतल्या ‘चांगल्या’ जोड्या सगळ्या डेटावर निवडून मग मॉडेल तपासणं म्हणजे शुद्ध कॉपी. निवड फक्त ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेलला शिकवायला ठेवलेल्या, भागावरच करा.

आणि तारखा जुळवा. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांचं विचारते. स्कॅन सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर तुम्ही नेमकं कशाला काय जोडताय?