आफ्रिकान्समधलं संशोधन वाचायचं कसं: आधी साल, मग संस्था, मग मजकूर

दक्षिण आफ्रिकेतल्या शाळा, कायदा किंवा चर्च यांवर कुणी प्रबंधाचा आराखडा घेऊन आलं की मी आधी शेवटची पानं उघडते. संदर्भसूचीत एकही आफ्रिकान्स लेख नसेल तर आराखडा परत करत नाही, पण समोरच्याला बसवून घेते. आफ्रिकान्स ही डचमधून तिथेच घडलेली भाषा. 1948 ते 1994 या वर्णभेदाच्या काळात ज्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या हातात देश होता, त्यांनी आपसात जे वाद घातले ते बरेचसे आफ्रिकान्समध्ये घातले. इंग्रजीत सापडतं ते पुष्कळदा त्यांच्याविषयी इतरांनी लिहिलेलं. दोन्ही वाचायला हवं. बसवून घेतल्यावर मी जे सांगते ते इथे लिहून ठेवते.

एक खुलासा आधीच करते. नावं मी साधारण उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. शोधपेटीत रोमन अक्षरांत टाइप करताना ‘ख’साठी बहुतेक वेळा जी, ‘फ’साठी पुष्कळदा व्ही आणि ‘व’साठी डब्ल्यू लागेल.

कायद्याच्या दारातून आत या

तुमचा विषय शिक्षण असो की धर्म, पहिला आफ्रिकान्स लेख कायद्याचा घ्या. संविधान न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात आणि सॅफ्ली या कायदेविषयक माहिती-संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 2009 चा एर्मेलो शाळेचा निकाल उघडा. म्पुमलांगा प्रांतातली ही आफ्रिकान्स माध्यमाची शाळा. तिथे इंग्रजीतून शिकणारी मुलं घ्यायची की नाही, यावरून शिक्षण खात्याशी भांडण झालं. शाळेचं भाषा-धोरण ठरवायचा अधिकार शाळेच्या नियामक मंडळाचाच, असं न्यायालय म्हणालं. पण आजूबाजूच्या मुलांची गरज लक्षात घेऊन त्याच धोरणाचा फेरविचार करा, असंही त्याच मंडळाला बजावलं.

हा निकाल नीट वाचून झाला की त्यावरचा आफ्रिकान्स लेख शोधा. पक्ष कोण, वाद कशावर, निकाल काय, हे सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कायद्याचे आफ्रिकान्स शब्द आपोआप जागेवर बसतात. शब्दकोश घेऊन बसण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी बरा वाटतो. पुढचा टप्पा विद्यापीठांचा: फ्री स्टेट विद्यापीठाचा 2017 चा निकाल, स्टेलेनबॉशचा 2019 चा आणि युनिसाचा, म्हणजे दक्षिण आफ्रिका विद्यापीठाचा, 2021 चा. तिन्ही आफ्रिकान्समधून शिकवण्याबद्दलचे, आणि तिन्हींच्या मुळाशी संविधानाचं कलम 29(2), म्हणजे शक्य असेल तिथे आपल्या पसंतीच्या अधिकृत भाषेतून शिकण्याचा हक्क. पहिल्या दोन खटल्यांत विद्यापीठं जिंकली, तिसऱ्यात युनिसा हरलं. असं का झालं, हे टीकाकारांनी कसं मांडलंय ते आफ्रिकान्समध्ये वाचताना मजा येते. शाळांवर काम करत असाल तर सप्टेंबर 2024 मध्ये सही झालेला शालेय कायदा-दुरुस्तीचा बेला कायदाही सोबत ठेवा. एर्मेलोवरची जुनी चर्चा त्यामुळे पुन्हा जिवंत झाली आहे.

कायद्यातली एक बारीक गोष्ट नवखे हमखास विसरतात. जुन्या राजवटीत संसदेचे कायदे इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन संहितांत निघत. सही त्यातल्या एकीवर होई, आणि दोन्हींत फरक निघाला तर सहीची संहिता खरी धरत. कुठल्या संहितेवर सही झाली हे राजपत्रात कायद्याच्या माथ्याशीच छापलेलं असतं. लेखकाने आफ्रिकान्स कलम उद्धृत केलं असेल, तर ती ओळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठे शोधायचं

पहिला मुक्काम लिटनेट अकादेमिस. मानव्यविद्या, शिक्षण, कायदा आणि धर्म यांचे वेगवेगळे विभाग, सगळे लेख मोफत, आणि आफ्रिकान्स लेखासोबत चांगला ऐसपैस इंग्रजी सारांश. दुसरं टेयडस्क्रिफ फिर खिस्तवेतन्स्काप. दक्षिण आफ्रिकेतल्या विज्ञान व कला अकादमीचं हे मानव्यविद्येचं नियतकालिक. अकादमी 1909 ची. याचे अंक सायेलो या खुल्या नियतकालिकांच्या संकेतस्थळाच्या दक्षिण आफ्रिका संग्रहात मिळतात. धर्मासाठी 1943 पासूनचं एचटीएस हे धर्मशास्त्राचं नियतकालिक आणि पोचेफस्ट्रूम विद्यापीठाच्या परंपरेतलं इन दी स्क्रिफ्लिख. ही दोन्हीही खुली आहेत, मात्र अलीकडच्या अंकांत इंग्रजी लेखच जास्त दिसतील. कायद्याची जुनी, नावाजलेली नियतकालिकं बहुतेक पैसे भरून वाचायची. ती ग्रंथालयामार्फत मागवा. पोचेफस्ट्रूमचं इलेक्ट्रॉनिक कायदापत्र मात्र 1998 पासून खुलंच आहे.

लेख हातात आल्यावर

इंग्रजी सारांश वाचा, पण तिथे थांबू नका. मी सारांश आणि आफ्रिकान्स लेखाचा शेवटचा भाग शेजारी शेजारी ठेवते. सारांश परक्या वाचकासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे घरातल्या माणसांना मारलेले टोमणे त्यात येत नाहीत. मग संदर्भसूची: लेखक कुणाशी बोलतोय हे तिथे उघडं पडतं. त्यानंतर उपशीर्षकं, आणि अगदी शेवटी मजकूर.

मजकुराला भिऊ नका. क्रियापदाला पुरुष-वचनाची रूपं नाहीत, नामांना लिंग नाही, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी येतं. हे शेवटचं आपल्याला कुणी शिकवायला नको. भाषांतरयंत्र जरूर वापरा, पण एकेक परिच्छेद घालून. दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. नकार दोनदा येतो, आणि वाक्याच्या टोकाचा दुसरा ‘नी’ नुसता कंस बंद करायला असतो. लांब वाक्यात नकार नेमका कशाला लागतो ते स्वतः तपासा. दुसरं म्हणजे स्कॅन केलेल्या जुन्या फायलींत अक्षरांवरची चिन्हं गळून पडतात. म्हणून शोध चिन्हांसह एकदा आणि चिन्हांशिवाय एकदा घ्या. अडलेल्या शब्दासाठी फिवा या आभासी आफ्रिकान्स संस्थेचं शब्दकोश-पोर्टल आहे.

साल आणि संस्था

माझ्या मते खरं काम हे आहे. विसाव्या शतकातला कुठलाही आफ्रिकान्स लेख वाचण्याआधी तो कुठल्या साली आणि कुठल्या विद्यापीठातून निघाला हे वहीत सर्वांत वर लिहा.

शिक्षणशास्त्रात तर याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युनिसा आणि प्रिटोरिया इथे ‘मूलभूत शिक्षणशास्त्र’ नावाचा पंथ जोरात होता आणि शिक्षक-प्रशिक्षणावर त्याची मोठी पकड होती. आम्ही शिक्षण या घटनेचं शुद्ध शास्त्र मांडतो, त्यात राजकारण नाही, असा या मंडळींचा दावा. लेख वाचाल तर खरंच भाषा थंड, तात्त्विक, वर्गीकरणांनी भरलेली. वर्णभेद हा शब्दही सापडायचा नाही. पण काळ्या मुलांना वेगळं आणि दुय्यम शिक्षण देणाऱ्या 1953 च्या बांटू शिक्षण कायद्याखाली चालणाऱ्या शाळांचे शिक्षक याच विचारातून तयार होत होते. तो कायदा आणणारे मंत्री फर्वूर्ट स्वतः स्टेलेनबॉशचे माजी प्राध्यापक. 1974 मध्ये काळ्या मुलांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्समधूनच शिकवायचा हुकूम निघाला आणि 16 जून 1976 ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेतो या काळ्यांच्या वस्तीतली मुलं निषेधासाठी रस्त्यावर आली. त्या वर्षांतले लेख काढा आणि लेखकाने काय लिहायचं टाळलं याची यादी करा. माझ्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत ही यादी बहुधा सर्वांत कामाची ठरते.

धर्माच्या लेखनात उलट घडतं. तिथे भांडण उघड्यावर आहे, तारखांनी बांधलेलं आहे. शार्पव्हिलला काळ्या निदर्शकांवर पोलिसांचा गोळीबार मार्च 1960 मध्ये झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॉटेस्लोची चर्च-परिषद भरली. आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांचं सर्वांत मोठं चर्च म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्च. त्याच्या प्रतिनिधींनी तिथे वर्णभेदावर टीका करणाऱ्या निवेदनाला साथ दिली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच धर्मसभांनी हात झटकले. याच चर्चचे धर्मोपदेशक बेयर्स नॉडे यांनी 1963 मध्ये वर्णभेदविरोधी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट उभी केली ती यातूनच. पुढे 1974 मध्ये चर्चने वेगळेपणाला बायबलचा आधार देणारा अहवाल स्वीकारला, आणि 1986 मध्ये ‘चर्च आणि समाज’ या दस्तऐवजात त्यापासून बाजूला सरकायला सुरुवात केली. मिश्रवर्णीय मानलेल्यांसाठी जे वेगळं मिशन चर्च होतं, त्याने 1982 मध्ये बेलहारच्या श्रद्धाघोषणेचा मसुदा मांडला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. हा मजकूर मुळात आफ्रिकान्स, छोटा, आणि इंग्रजीतही सहज मिळणारा. दोन्ही समोर ठेवून वाचायला यापेक्षा चांगला धडा नाही. 1973 चा धर्मशास्त्रीय लेख आणि 1987 चा लेख तेच बायबलमधले उतारे वापरतात, पण निघतात वेगळ्या गावाला.

संस्थांची नावंही बदललेली आहेत. पोचेफस्ट्रूम विद्यापीठ 2004 पासून नॉर्थ-वेस्ट विद्यापीठात आहे; रँड आफ्रिकान्स विद्यापीठ 2005 पासून जोहान्सबर्ग विद्यापीठात. जुना प्रबंध शोधताना जुनं नाव घाला. 1925 मध्ये आफ्रिकान्सला अधिकृत स्थान मिळण्याआधीचे कागद, विशेषतः चर्चचे, बरेचसे डचमध्ये आहेत, तेव्हा शोधशब्दही डच वळणाने लिहावे लागतात. आडनावांची गंमत निराळीच: दक्षिण आफ्रिकेत फान देर मेर्व्हे व्हीखाली लागतात, नेदरलँड्समध्ये एमखाली. सूची कुठल्या देशातली आहे ते बघून शोधा.

आणि ही भाषा फक्त गोऱ्यांची समजू नका. तिला घरची भाषा म्हणणाऱ्यांत गोरे निम्म्याहून कमी आहेत. केपच्या मुसलमानांसाठी अबू बक्र एफेंदींनी अरबी लिपीत लिहिलेला आफ्रिकान्स धर्मग्रंथ 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. या परंपरेवर अखमत डेव्हिड्स यांनी केलेलं पायाभूत काम इंग्रजीत आहे, म्हणजे नुसत्या आफ्रिकान्स शोधात ते निसटेल. काप्स या केपकडच्या आफ्रिकान्स बोलीवरच्या संशोधनासाठी वेस्टर्न केप विद्यापीठाकडे बघा.

उद्धृत करताना आफ्रिकान्स शीर्षक जसंच्या तसं ठेवा. मूळ वाक्य तळटीपेत आणि तुमचं भाषांतर मजकुरात द्या, आणि भाषांतर तुमचं आहे हे लिहा. यंत्राची मदत घेतली असेल तर तेही. परीक्षकांपैकी निदान एकाला आफ्रिकान्स येत असावं असं मार्गदर्शकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा. प्रबंध छापून झाल्यावर असा परीक्षक शोधत बसणं फार त्रासाचं असतं.