स्पर्शचित्र : दृष्टिहीन आणि डोळस मुलांचा सामाईक उपक्रम

एका बाकावर बसल्याने मैत्री होतेच असे नाही. त्यासाठी हाताला सामाईक काम हवे. दृष्टिहीन मूल असलेल्या चौघांच्या गटाला जाड पुठ्ठा, सुतळी, मसूर, वाळू आणि डिंक देऊन स्पर्शचित्र, म्हणजे बोटांनी चाचपून कळणारे चित्र, करायला सांगावे. नदीसाठी सुतळी योग्य की वाळू, हे सर्वांनी बोटांनी चाचपून मिळून ठरवावे. डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यातून समजुतीऐवजी भीती आणि कीवच वाढण्याचा धोका असतो. ‘बिचारा’ हा शब्द शिक्षकांच्याही तोंडी नसावा.

शेवटी चित्रावरची नावे दृष्टिहीन मुलाने ब्रेलमध्ये उमटवावीत आणि सहा टिंबांची ही लिपी, जी ब्रेलच्या खास पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात, इतरांना स्वतःच शिकवावी.