गणपतीच्या मांडवात सिनेमा-गाण्यांची प्रश्नमंजुषा कशी भरवायची

ज्या पेटीवाचून आपल्याकडे भजन उभं राहत नाही, त्या पेटीला आकाशवाणीवर तीस वर्षं मज्जाव होता. १९४० साली बंदी आली आणि १९७१ पासून ती अटी घालून सैल होत गेली. कारण संगीतातलंच होतं. पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले, त्यामुळे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) आणि श्रुती (दोन सुरांमधले बारीक सूर) तिच्यावर निघत नाहीत, असं त्या वेळच्या जाणकारांचं म्हणणं होतं. हे मांडवात सांगितलं की टाळकऱ्यापासून पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरापर्यंत सगळे माना वर करतात. प्रश्न असा हवा. ऐकणाऱ्याच्या रोजच्या वापरातल्या गोष्टीबद्दल, पण त्याने कधी न ऐकलेला. आणि खरा, कारण मांडवात एक उत्तर चुकीचं निघालं की पुढचे तीस प्रश्न कुणी मनावर घेत नाही.

गणपती असोत, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन असो की नवरात्र, रीत एकच.

वेळ आणि संघ

चार संघ, प्रत्येकी तीन जण. त्यात एक जण पन्नाशीपुढचा आणि एक शाळकरी असलाच पाहिजे, असा नियम आधी जाहीर करा. नाहीतर मंडळाची पंचविशीतली पोरंच मंचावर दिसतात आणि रेडिओच्या काळातल्या प्रश्नांवर सगळे गप्प बसतात. जास्त नावं आली तर २० प्रश्नांची १५ मिनिटांची लेखी चाळणी दुपारीच उरकून घ्या.

एका प्रश्नाला विचारणं, विचार करणं, उत्तर आणि त्यामागची गोष्ट धरून दीड मिनिट लागतं. म्हणजे ४० प्रश्नांना एक तास. मधल्या गडबडीला अर्धा तास ठेवा. आरती आटोपून साडेसातला सुरुवात केली तर नऊला मोकळे होता. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सवलत असते. तिच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका.

प्रश्न कसा घडवायचा

सगळी मेहनत इथे आहे. ४० विचारायचे असतील तर ५५ तयार ठेवा. १० सुटे राहू द्या, उरलेले ५ बरोबरी फोडायला.

"पहिला" या शब्दापासून जपा. "भारतातला पहिला चित्रपट कोणता?" असं विचारलंत की अर्धा मांडव "राजा हरिश्चंद्र" म्हणेल. एखादे गुरुजी उठून सांगतील की दादासाहेब तोरण्यांचा "श्री पुंडलिक" १८ मे १९१२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी लागला होता. तेही बरोबर आहेत. "पुंडलिक" हे नाटकाचं चित्रीकरण होतं, म्हणून बरेच जण तो मोजत नाहीत. वाद मिटवायचा असेल तर प्रश्नच वळवा: "३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कुणी केली?" उत्तर, अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतोच: १९१७ च्या "लंकादहन"मध्ये याच साळुंक्यांनी कोणत्या दोन भूमिका केल्या? राम आणि सीता, दोन्ही. इथे मांडव हसतो, टाळ्या वाजवतो. पुढचा प्रश्न घाईने काढू नका, तो क्षण लोकांना घेऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे दोन उत्तरं असलेला "समान दुवा". "मोहित्यांची मंजुळा", "मराठा तितुका मेळवावा", "साधी माणसं" आणि "तांबडी माती" या चार चित्रपटांत समान काय, असा प्रश्न काढला. कार्डामागे उत्तर लिहिलं, "संगीतकार आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर". पण चारही चित्रपट भालजी पेंढारकरांचे आहेत. संघ "भालजी" म्हणाला तर तुम्ही त्याला गुण नाकारणार कसे? म्हणून शब्द घाला: "या चारांच्या संगीतातला समान दुवा सांगा आणि त्या नावामागची खरी व्यक्ती कोण?" कार्ड लिहून झालं की उत्तर झाका आणि मुद्दाम दुसरं बरोबर उत्तर शोधा. प्रत्येक कार्डाला तीन मिनिटं द्या.

आकडे विचारताना जास्तच सांभाळा. लताबाईंनी किती गाणी गायली, हा प्रश्न कधीच काढू नका. गिनेस बुकात एके काळी २५,००० च्या वरचा आकडा छापला गेला, मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली आणि पुढे ती नोंदच गेली. १९३२ च्या "इंद्रसभा"तल्या गाण्यांचंही तसंच, कुणी ६९ म्हणतं, कुणी ७२. तिथे आकडा प्रश्नात घाला आणि नाव विचारा: "सत्तरच्या आसपास गाणी असलेला हा बोलपट कोणता?"

सालाचा घोळ पुरस्कारांत होतो. "श्यामची आई" १९५३ चा, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं १९५४ मध्ये. कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांचा "गांधी" १९८२ चा, पण सोहळा झाला १९८३ मध्ये. प्रश्नात चित्रपटाचं साल की सोहळ्याचं, हे स्पष्ट लिहा.

खात्री कशी करायची

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर आणि त्यावरून उचललेली चार पानं मिळून पुरावा एकच होतो. खरा आधार म्हणजे चित्रपटाची श्रेयनामावली, जुन्या तबकडीवरचा किंवा कॅसेटवरचा मजकूर आणि त्या काळचं वर्तमानपत्र. हिंदी गाण्यांसाठी हरमंदिर सिंह "हमराज़" यांचा "हिंदी फिल्म गीत कोश" मोठ्या ग्रंथालयात मिळाला तर निम्मं काम होतं. कार्डामागे उत्तराखाली आधार लिहा. दोन स्वतंत्र आधार नसले तर कार्ड बाजूला.

आपल्या मातीची फेरी

एक फेरी मराठवाड्याची ठेवाच. लोक तिची वाट पाहतात. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे ना. धों. महानोर शेती करत कविता लिहीत होते. "जैत रे जैत" ची गाणी त्यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, साल १९७७. तिथे प्रश्न गाण्यावरून गावाकडे न्या: "या गीतकाराचं गाव कोणत्या तालुक्यात?"

लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. "वऱ्हाड निघालंय लंडनला"मध्ये ते एकटेच ५२ पात्रं उभी करत. यावर एक छान फसवा प्रश्न होतो: नावातलं "वऱ्हाड" म्हणजे विदर्भ का? नाही, लग्नाचं वऱ्हाड, आणि पात्रांच्या तोंडी बोली आपल्या मराठवाड्याची. हे सांगताना त्या बोलीतलं एखादं वाक्य ऐकवता आलं तर जरूर ऐकवा.

गाणं ओळखण्याची फेरी

तुकडा ६ ते ८ सेकंदांचा, शब्द सुरू व्हायच्या आधीचा. नाही ओळखलं तर आणखी १५ सेकंद, पण गुण निम्मे. आवाजांची गंमत राहुलदेव बर्मन यांच्याकडे भरपूर आहे. "चुरा लिया है" च्या सुरुवातीची किणकिण म्हणजे काचेच्या पेल्यावर वाजवलेला चमचा आणि "मेरे सामने वाली खिड़की में" मधली खरखर म्हणजे कंगवा. गाणं कुणीही ओळखेल. तुम्ही विचारा, हा आवाज कशाचा?

घोटाळा होतो तो डीजेच्या साउंडवर. बेस चढवलेला असतो, त्यात कंगव्याची खरखर पार बुडते. संध्याकाळी सहा वाजताच प्रत्येक तुकडा मांडवाच्या शेवटच्या रांगेतून ऐका, बेस उतरवून घ्या. मोबाइल ब्लूटूथने जोडू नका, लीडनेच जोडा. नव्या मोबाइलला पिनचं छिद्र नसतं, त्याचा कनेक्टर आदल्या दिवशी आणून ठेवा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन तुकड्यात कुणाचा तरी फोन वाजतो. तुकड्यांना ०१, ०२ अशी नावं द्या आणि सगळ्यांचा आवाज सारखा करा.

किशोरकुमारांचं "आके सीधी लगी" ("हाफ टिकट", १९६२) या फेरीच्या शेवटी ठेवा. तुकडा वाजवून विचारा, गाणारे दोघे कोण? गाणारा एकच, बाईचा आवाजही त्यांचाच.

बझर नसेल तर

बझर विकत घ्यायची गरज नाही. चार संघांना चार वेगळे आवाज द्या: पूजेची घंटा, टाळ, शिट्टी आणि स्टीलची थाळी. परीक्षकाला मंचाकडे पाठ करून बसवा. तो चेहरा पाहत नाही, फक्त पहिला आवाज कोणता ते सांगतो, त्यामुळे "आम्हीच आधी वाजवलं" हे भांडण उरत नाही. थेट प्रश्नाला १०, दुसऱ्याकडून फिरून आलेल्याला ५. घाईने वाजवून चुकलं तर उणे ५, पण फक्त या आवाज वाजवायच्या फेरीत. प्रश्न नेहमी एकाच दिशेने फिरवला तर कच्च्या संघाशेजारी बसलेल्यांची चंगळ होते. दर फेरीला दिशा उलटी करा.

हरकत घ्यायची तर चिठ्ठीवर, फेरी संपायच्या आत. परीक्षक कार्डामागचा आधार वाचून निकाल देईल. आधार कच्चा वाटला तर प्रश्न रद्द, सुटा प्रश्न त्याच संघाला.

लाईट जाणारच, असं धरून चला. दहा प्रश्न निव्वळ तोंडी ठेवा आणि कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत, पाऊस सांगून येत नाही. कार्डावर एकच प्रश्न, अक्षर इतकं मोठं की बॅटरीच्या उजेडात वाचता यावं.

शेवटी दोन संघ बरोबरीत आले तर जवळचा आकडा मागा. दोघांनी पाटीवर लिहायचं, एकमेकांचं पाहायचं नाही: २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर सुरू झालेल्या "महाभारत" चे एकूण भाग किती? उत्तर ९४, जवळ असेल तो जिंकला. दोघांनी तोच आकडा लिहिला तर "रामायण" चे विचारा. ते ७८.