आनापान: घरच्या घरी श्वास पाहायला कसं बसायचं

ध्यानाला बसणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण पहिल्याच आठवड्यात एक तक्रार करतात, "मन लागतच नाही." त्यांना वाटतं मन स्थिर झालं तर ध्यान झालं, नाहीतर वेळ वाया गेला. ही समजूत आधी काढून टाका. आनापानात, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहण्याच्या ध्यानात, काम एवढंच असतं: श्वासाकडे लक्ष ठेवायचं, ते सुटलं की सुटलं हे कळायचं, आणि परत श्वासावर यायचं. मन दहा मिनिटांत चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा परत आणलं, तर त्या दिवशीचा सराव उत्तम झाला. व्यायाम होतो तो परत येण्याचा.

सुरुवात बैठकीपासून करावी, कारण बहुतेक जण इथेच अडखळतात आणि दोष मनाला देतात. सपाट जमिनीवर मांडी घातली की गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो, आणि सात-आठ मिनिटांत पाठ दुखायला लागते. उपाय सोपा आहे. सतरंजी किंवा जाड चादर घडी करून चार-पाच इंच उंच करा आणि तिच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागावर बसा. कंबर आपोआप थोडी पुढे झुकते, गुडघे खाली येतात. एखादा गुडघा तरीही अधांतरी राहिला तर त्याच्याखाली टॉवेल घाला. मऊ उशी नको, ती दबते आणि पाच मिनिटांत तुम्ही पुन्हा जमिनीवर येता. पद्मासनाचा आग्रह तर मुळीच नको. साधी मांडी पुरे.

गुडघेदुखी असेल तर खुर्ची घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकवा, पाठ टेकू नका. पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. हात मांडीवर, हनुवटी किंचित आत, खांदे सैल. आणि जबडा तपासा. दात एकमेकांवर दाबलेले असतात हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

वेळ सकाळची बरी. उठून तोंड धुतलं की लगेच, मोबाइल हातात घेण्याआधी. एकदा निरोप वाचले की पुढची दहा मिनिटं मन त्यांनाच उत्तरं देत बसतं. संध्याकाळी बसायचं असेल तर घरी आल्यावर हातपाय धुऊन, जेवणाआधी. जेवल्यावर दोन तास तरी जाऊ द्या, नाहीतर डुलकी ठरलेली. गजर हळू आवाजाचा लावा आणि मोबाइल हात पोचणार नाही इतका लांब ठेवा. किती वेळ झाला हे डोळे उघडून पाहायचं नाही, हा एकच कडक नियम.

आता श्वास. डोळे मिटा आणि लक्ष नाकपुड्यांच्या कडांवर, वरच्या ओठाच्या वरच्या छोट्याशा जागेवर आणा. आत येणारा श्वास जरा गार लागतो, बाहेर जाणारा कोमट. काही जणांना ते जाणवत नाही, नुसती हलकी हालचाल कळते, तेवढीही पुरते. काहीच कळत नसेल तर दोन-तीन श्वास मुद्दाम जोरात घ्या, जागा सापडली की श्वास पुन्हा मोकळा सोडा. एका नाकपुडीतून जास्त, दुसरीतून कमी येत असेल तर घाबरू नका. काही तासांनी ही बाजू बदलत राहते, ते शरीराचं नेहमीचं चक्र आहे.

इथे आपल्याकडची एक नेहमीची गल्लत होते. अनुलोम-विलोम, कपालभाती यांत श्वासाला वळण लावायचं असतं. आनापानात श्वास बदलायचाच नाही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धाच्या पाली उपदेशात, सांगितलं आहे ते हेच: श्वास दीर्घ असेल तर दीर्घ आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचं. खोल श्वास घेत राहिलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. लोकांना तो अनुभव आध्यात्मिक वाटतो. तो फक्त जास्त श्वास घेतल्याचा परिणाम असतो. श्वास पुन्हा आपोआप चालू द्या, थोड्या वेळात तो जातो.

मन फारच सैरभैर असेल तर बाहेर जाणारे श्वास मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा विसरलात तर एकपासून. मोजता मोजता पंधरा-सोळावर पोचलात, तर समजा तोंड मोजत होतं आणि मन बाजारात होतं. हे लक्षात येणं म्हणजेच सराव. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, तिसऱ्या आठवड्यापासून पंधरा, महिन्याभराने वीस. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नका; नेहमीइतकंच बसा.

पायाला मुंग्या आल्या तर आधी अर्धा मिनिट तिथेच लक्ष द्या, मग सावकाश पाय बदला. पाय बधिर झालेला असताना झटकन उभं राहू नका, घोटा मुरगळतो. झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडा आणि चार फुटांवर जमिनीकडे पाहा, किंवा उभं राहून सराव करा. रोजच झोप येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे, तिथे ध्यान काही करू शकत नाही.

बसून केलेला सराव दिवसात उतरवायचा तर एका आठवड्यात एकच काम निवडा. "आजपासून सगळं सजगपणे करीन" असं ठरवणारा दुपारपर्यंत सगळं विसरतो. भांडी घासणं हे फार चांगलं काम आहे. पाण्याचा गारवा, तेलकट ताटावर घासणीचं घसरणं, मग तेल सुटत गेलं की तीच घासणी अडखळायला लागते. विसळलेल्या ताटावर ओलं बोट फिरवलं की ते करकरतं. या एवढ्यावर लक्ष ठेवायचं. मध्ये उद्याच्या डब्याचा विचार आला की परत ताटावर यायचं. लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्यांनी तळपाय निवडावेत: गाडी थांबताना भार कुठल्या पायावर जातो, बोटं कशी आवळतात. डोळे उघडेच ठेवा. गाडी चालवताना श्वासावर लक्ष नको, तिथे रस्ता हेच ध्यान.

राग आला तर समोरचा काय बोलला हे घोळवण्याऐवजी राग शरीरात कुठे आहे ते शोधा. कानाच्या पाळ्या तापतात, जबडा आवळतो, छाती भरून येते. तिथे तीन श्वास थांबा, मग बोला. सुरुवातीला हे भांडण झाल्यावर तासाभराने आठवेल. हरकत नाही, हळूहळू ते अंतर कमी होतं.

श्वासावर लक्ष दिलं की काहींची धडधड उलट वाढते, विशेषतः ज्यांना घाबरेपणाचा त्रास आहे. त्यांनी श्वासावरचं लक्ष काढून ते तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर ठेवावं, आणि पाच मिनिटांवर थांबावं. नैराश्य किंवा इतर मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करा, गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जायचं मनात असेल, तर आधी घरी दोन-तीन महिने रोज बसून बघा. तिथे पहाटे ४ ला घंटा होते, पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक आणि पूर्ण मौन. शिबिराची फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर ते चालतं. अर्जात आजारांबद्दल विचारतात, तिथे काहीही लपवू नका. मौनाच्या दिवसांत तुमच्याकडे कोणी किती लक्ष द्यायचं हे त्यावरच ठरतं.